राजाचा डोंगर, विणकरांची वाट : एडिंबराच्या टेकड्यांवरून

शहराचा इतिहास आपण बहुधा त्याच्या रस्त्यांवरून वाचतो. पेठा कोणी वसवल्या, वेस कोठे होती, बाजार कधी भरू लागला, असे प्रश्न विचारत गेले की शहर हळूहळू उलगडते. काही शहरांच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते, कारण त्यांच्या रस्त्यांचे वळणच मुळी माणसांनी ठरवलेले नसते. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा हे असे शहर आहे. ज्या खडकावर तेथील किल्ला उभा आहे तो खडक म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीच्या नळीत थिजून राहिलेला लाव्हा. पुढे हिमयुगात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या बर्फाच्या प्रचंड थराने आजूबाजूचा मऊ खडक खरवडून नेला. हा कठीण दगड मात्र त्याला हटला नाही आणि त्याच्या आडोशाला पूर्वेच्या बाजूस मऊ खडकाची एक लांबट उतरती शेपटी शिल्लक राहिली. त्या शेपटीच्या पाठीवर जुने एडिंबरा वसले. पर्यटकांना ठाऊक असलेला ‘रॉयल माइल’ हा रस्ता म्हणजे त्या शेपटीचा कणा होय.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे एडिंबराच्या मानाने अगदी अलीकडचा. पण आपल्याकडे लाव्हा भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचत गेले. पुण्याची पर्वती किंवा वेताळ टेकडी हे ज्वालामुखीचे मुख नव्हे. झिजून गेलेल्या थरांतून उरलेला तो अवशेष आहे. एडिंबरात मात्र माणूस प्रत्यक्ष ज्वालामुखीच्या घशावर उभा असतो.

या दोन प्रकारच्या काळ्या दगडांना जोडणारे एक नाव मराठी इतिहासात आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे वडील एडिंबराच्या किल्ल्याचे अधिकारी होते. मुलाच्या बालपणाचा काही भाग त्या खडकावर गेला आणि तो शिकला तेथील हायस्कुलात. पुढे १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला आणि १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. ती बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. टेकडीवरून पाहणे आणि टेकडीवरून राज्य करणे यांत किती अंतर असते, याचा यापेक्षा नेमका धडा शोधून सापडणार नाही. असो.

एडिंबरा पायी पाहायचे तर सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर पॅट्रिक गेडीस या गृहस्थाने देऊन ठेवले आहे. १८९२ मध्ये गेडीसने किल्ल्याच्या पायथ्याशी असलेला एक मनोरा विकत घेतला आणि त्याला ‘आउटलुक टॉवर’ असे नाव दिले. मनोऱ्याच्या माथ्यावर आधीपासूनच एक ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ होता. अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर भिंगाआरशांच्या साह्याने बाहेरचे जिवंत शहर त्यात उमटत असे. गेडीस येणाऱ्याला आधी थेट माथ्यावर नेई. शहर, टेकड्या आणि समुद्राची खाडी एका नजरेत दाखवून झाली की मग एकेक मजला उतरत एडिंबरा, स्कॉटलंड, युरोप आणि शेवटी जग अशा क्रमाने दालने दाखवी. आधी पाहा, मग चाला, मग वाचा, असा त्याचा क्रम होता. आपल्या विद्यापीठांनी तो नेमका उलटा करून ठेवला आहे.

गेडीस १९१४ मध्ये भारतात आला आणि मुंबई इलाख्यातील गावांसह येथील अनेक शहरे पायी हिंडला. गल्लीबोळ पाडून रुंद सरळ रस्ते काढण्याच्या सरकारी हौसेला त्याने कडाडून विरोध केला. शस्त्रक्रिया करायचीच तर जीव राखून करावी, एखादी पडकी भिंत काढून तेथे एखादे झाड लावावे, असा त्याचा आग्रह होता. एडिंबराच्या जुन्या वस्तीतील कोंदट बोळांमध्ये छोट्या बागा करून त्याने हे आधी सिद्ध केले होते. त्या कामात त्याची मुलगी नोरा हिचा मोठा वाटा होता. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या शिफारशीने विलायतेला गेलेले आणि १९२४ नंतर त्याच्या विभागाची धुरा सांभाळणारे गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे. भारतीय समाजशास्त्राचा एक प्रवाह एडिंबराच्या त्या मनोऱ्यावरून आपल्याकडे आला आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

मनोऱ्यावरून उतरून उत्तरेकडे पाहिले की प्रिन्सेस स्ट्रीटची बाग दिसते. येथे पूर्वी ‘नॉर लॉख’ नावाचे तळे होते आणि साऱ्या वस्तीची घाण त्यात उतरे. १७५९ पासून ते आटवण्यास सुरुवात झाली. पलीकडे नवे एडिंबरा बांधताना निघालेली माती येथे टाकून ‘माउंड’ हा मोठा बांध तयार झाला. रस्त्याच्या दक्षिण अंगाला इमारती उठू नयेत म्हणून नागरिकांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या आणि १८१६ मध्ये पार्लमेंटचा कायदा झाला. आज जी मोकळी जागा स्वाभाविक वाटते ती कज्जे लढून राखलेली आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पूर्वेला कॅल्टन हिल. उंची जेमतेम १०० मीटर, चढायला दहा मिनिटे. १७२४ मध्ये शहराने ही टेकडी घेतली; सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या ब्रिटनमधील अगदी सुरुवातीच्या जागांत तिची गणना होते. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने येथे नागरिकांच्या आरोग्यासाठी फिरण्याची वाट करावी म्हणून नगरपरिषदेकडे रदबदली केली आणि ती वाट आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. चमत्कारांवर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाला सकाळच्या फेरफटक्यावर मात्र गाढ विश्वास होता. त्याची कबरही जवळच्याच दफनभूमीत आहे. तिच्या शेजारी एक उंच दगडी स्तंभ दिसतो. संसदीय सुधारणांची मागणी केल्याबद्दल १७९३-९४ मध्ये ज्या पाच जणांना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियात धाडले त्यांचा तो स्मृतिस्तंभ. तो उभारायला १८४४ साल उजाडावे लागले.

‘पॅनोरमा’ ही कल्पनाही या टेकडीवरची. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराला येथे फिरताना सगळीकडचे दृश्य एका सलग गोलाकार चित्रात बांधण्याची युक्ती सुचली आणि १७८७ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. आर. एल. स्टीव्हन्सनने आपल्या शहरावरील १८७८ च्या पुस्तकात या टेकडीला पहिली पसंती दिली आहे. तिचे कारण मार्मिक आहे. किल्ल्यावर गेल्यावर किल्ला दिसत नाही, आर्थर्स सीटवर गेल्यावर आर्थर्स सीट दिसत नाही. कॅल्टनवरून दोन्ही दिसतात. लेखकाने कोठे उभे राहावे याविषयी इतका सोपा विचार समीक्षेच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

टेकडीच्या माथ्यावर ग्रीक धाटणीचे बारा खांब आहेत आणि त्यांच्यामागे काहीही नाही. नेपोलियनच्या युद्धांत पडलेल्यांचे स्मारक म्हणून येथे अथेन्सच्या पार्थेनॉनची प्रतिकृती उभी राहायची होती. १८२२ मध्ये कोनशिला बसली, १८२६ मध्ये बांधकाम सुरू झाले, १८२९ मध्ये पैसा संपला. लोक त्याला शहराची नामुष्की म्हणत आले. मला मात्र हे अर्धवट स्मारक पुऱ्या झालेल्या सगळ्या स्मारकांहून प्रामाणिक वाटते.

येथवरची भटकंती सभ्य शहराची झाली. टेकडीच्या आग्नेयेस हॉलिरूडचा राजवाडा आणि त्याला लागून असलेले राजाचे रान लागते, तेथे सूर बदलतो. आज त्याला ‘पार्क’ म्हणतात, पण मखमली हिरवळ आणि फुलांचे ताटवे मनात आणू नयेत. सरळसोट कडे, दलदल, खुरटी झुडपे आणि मध्यभागी २५१ मीटर उंचीचे आर्थर्स सीट हे शिखर, असा हा शहराच्या पोटातला डोंगर आहे. येथे राजाची सत्ता होती, नगरपालिकेची नव्हती. या एका गोष्टीमुळे हा डोंगर शतकानुशतके शहराच्या नियमांतून निसटलेल्या माणसांचा आसरा झाला.

त्यांत पहिले कर्जबाजारी. हॉलिरूडच्या मठाच्या हद्दीत शिरलेल्या ऋणकोला अटक करता येत नसे आणि या हद्दीत सारा डोंगर येई. रविवारी तगादा लावायला कायद्याने बंदी असल्यामुळे ही मंडळी त्या दिवशी शहरात आप्तेष्टांकडे जात आणि मध्यरात्रीच्या आत हद्दीत परतत. अफूबाजाच्या कबुलीजबाबामुळे इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला थॉमस डी क्विन्सी १८३० च्या दशकात येथे राहिला. निबंध लिहून पोट भरणाऱ्या लेखकाला मोकळेपणाने फिरायला एक डोंगर तरी होता, ही सोय आजच्या लेखकाला नाही.

दुसरे बंडखोर, आणि त्यांची हकिकत आपल्या अधिक जवळची. १७७८ मध्ये सीफोर्थच्या अर्लने डोंगराळ मुलखातील आपल्या कुळांतून एक पलटण उभी केली. तिच्यात मॅक्रे कुळातील पुष्कळ जण होते. सप्टेंबरात त्यांना लीथ बंदरावर जहाजात चढण्याचा हुकूम झाला. पगार थकला होता आणि आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकले असून हिंदुस्थानात नेणार आहेत, अशी वदंता पसरली. तेव्हा शेकडो शिपाई रांग मोडून, आपल्या चौकड्यांच्या कांबळ्यांचे निशाण काठ्यांवर फडकावत, पाइप वाजवत थेट आर्थर्स सीटवर चढले आणि तेथे त्यांनी तळ ठोकला. एडिंबराचे रहिवासी खालून त्यांना खाणेपिणे पुरवत राहिले. काही दिवसांनी वाटाघाटी झाल्या : सर्वांना माफी, थकलेला पगार चुकता आणि हिंदुस्थानात न पाठवण्याचे वचन. शिपाई डोंगर उतरून आले आणि जहाजे त्यांना इंग्लिश खाडीतल्या बेटांवर घेऊन गेली.

वचन तीन वर्षे टिकले. १७८१ मध्ये त्याच पलटणीला हिंदुस्थानकडे रवाना करण्यात आले. वाटेत अर्ल स्वतः वारला, सुमारे अडीचशे माणसे स्कर्व्हीने मेली आणि १७८२ च्या एप्रिलात उरलेले मद्रासला उतरले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना बंदूक उचलण्याचेही त्राण नव्हते. त्यांना पुढे हैदर-टिपूविरुद्ध लढायचे होते. या पलटणीचा ७८ हा क्रमांक पुढे बदलला. १७९३ मध्ये याच मॅकेन्झी घराण्याच्या दुसऱ्या प्रमुखाने उभारलेल्या नव्या पलटणीला तो मिळाला आणि ती पलटण १८०३ मध्ये जालना भागातील असईच्या रणावर शिंद्यांच्या तोफांपुढे उभी राहिली. असईची लढाई आपण दौलतराव शिंदे आणि वेलस्ली यांच्या नावांनी शिकतो. समोरच्या रांगेतील गेलिकभाषक शेतकऱ्याचा पोर तेथे कसा पोचला, हे विचारत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा या डोंगरावर मिळतो.

शिखरावर पोचल्यावर जेम्स हॉगची आठवण येणे अपरिहार्य आहे. एट्रिकच्या या मेंढपाळ लेखकाची १८२४ ची ‘समर्थनप्राप्त पाप्याची’ कादंबरी आज मोठी मानली जाते. प्रसिद्ध झाली तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नाही. तीत जॉर्ज कोलवान हा तरुण सकाळच्या धुक्यात येथे चढतो. आधी त्याला भोवती इंद्रधनुष्याची प्रभा दिसते, मग ढगांत त्याचा द्वेष करणाऱ्या भावाची राक्षसी आकृती उभी राहते. घाबरून वळतो तर खरा भाऊ पाठीशीच. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास जे इंद्रवज्र दिसते त्याच जातीचा हा प्रकाशाचा खेळ आहे. मेंढपाळ म्हणून हॉगने असले धुके लहानपणापासून पाहिले असणार. म्हणूनच या प्रसंगात निसर्गशास्त्र कोठे संपते आणि सैतान कोठे सुरू होतो, हे तो वाचकाला ठरवू देत नाही.

शिखरावरून पश्चिमेला उतरले की सॉल्झबरी क्रॅग्ज हा लांबलचक काळा कडा समोर येतो. या भटकंतीत सर्वांत जास्त वेळ रेंगाळावे ते येथे.

अठराव्या शतकात दगड कसे तयार झाले याचे प्रचलित उत्तर असे होते की, सारे खडक एका आदिम समुद्राच्या तळाशी गाळ बसून झाले. जेम्स हटनचे घर या कड्याच्या समोरच होते. कड्याच्या पायथ्याशी त्याने पाहिले की गाळाच्या खडकाचे आडवे थर एके ठिकाणी उखडले गेले आहेत, वर उचलले आणि मुडपले गेले आहेत, आणि त्यांच्यात काळा दगड घुसला आहे. घुसणारा दगड आधीपासूनच घट्ट असता तर हे घडणे शक्य नव्हते. तो तप्त आणि पातळ असला पाहिजे, आणि गाळाचे थर त्याच्याआधी तेथे असले पाहिजेत. १७८५ मध्ये त्याने आपला सिद्धान्त एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. पृथ्वीचे वय बायबलच्या हिशेबातील सहा हजार वर्षांत बसत नाही, ही जाणीव ज्या थोड्या जागांवरून जगात पसरली त्यांपैकी ही एक. गंमत अशी की, चाळीसएक वर्षांनी याच कड्यापाशी विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट जेम्सन विद्यार्थ्यांना शिकवत होते की ती भेग वरून गाळ पडून भरली. ऐकणाऱ्यांत डार्विन नावाचा एक कंटाळलेला मुलगा होता. त्या व्याख्यानानंतर भूशास्त्राच्या वाटेला जायचे नाही असे ठरवल्याचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुरावा डोळ्यांसमोर असताना तो न पाहण्याचे कसब आम्हा प्राध्यापकांत परंपरेने चालत आले आहे म्हणायचे.

हा पुरावा उघडा पडण्यात दगडखाणींचाही हात होता. डोंगर राजाचा, पण त्याची वंशपरंपरागत राखणदारी हॅडिंग्टनच्या अर्लकडे होती, आणि हे राखणदार कडा फोडून दगड रस्त्यांच्या फरसबंदीसाठी विकत होते. कड्याच्या अंगावरचे खोल खड्डे आजही दिसतात. नागरिकांनी दावा लावला, तो अनेक वर्षे चालला आणि १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने खाणी बंद पाडल्या. १८४० च्या दशकात सरकारने राखणदारीचा हक्क पैसे मोजून परत घेतला. मग दलदल निचरून तळी केली गेली आणि गाड्यांसाठी वळणदार रस्ता झाला. रान संपले आणि उद्यान सुरू झाले ते येथे.

या कड्याच्या पायथ्याने जाणारी एक पायवाट आहे. वॉल्टर स्कॉट हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला भेटते ते बहुधा हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या चर्चेत. त्याच्या १८१८ च्या ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ची नायिका जीनी डीन्स या डोंगराच्या कुशीत राहते. खोटी साक्ष देऊन बहिणीला वाचवणे तिला जमत नाही, आणि मग बहिणीसाठी माफी मागायला ती थेट लंडनला पायी निघते. इंग्रजी कादंबरीतील ही सर्वांत थोर पायपीट असावी. याच कादंबरीत स्कॉटने क्रॅग्जखालच्या वाटेवरून दिसणाऱ्या शहराचे वर्णन केले आहे आणि आपल्या आवडीची ही वाट मोडकळीला आल्याची हळहळही व्यक्त केली आहे.

दोन वर्षांनी, १८२० च्या एप्रिलात, ग्लासगोच्या आसपास सुमारे साठ हजार कामगारांनी काम थांबवले. नेपोलियनची युद्धे संपल्यावर हातमागावरील विणकरांची मजुरी रसातळाला गेली होती आणि मताचा हक्क तर नव्हताच. बॉनीम्यूर येथे मूठभर सशस्त्र विणकरांची घोडदळाशी चकमक उडाली. जेम्स विल्सन, जॉन बेअर्ड आणि अँड्र्यू हार्डी यांना फाशी दिले गेले, एकोणिसांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले. उठाव चिरडला तरी पोट होतेच. शहरातील प्रतिष्ठितांनी वर्गणी जमवली आणि पश्चिमेकडच्या बेकार विणकरांना कामावर लावून क्रॅग्जखालची वाट बांधून घेतली. त्या सूचनेमागे स्कॉट होता. बारीक सुताला सरावलेल्या बोटांनी ज्वालामुखीचा दगड फोडला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवरची खडी आठवावी.

१८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला. त्या समारंभाचा सूत्रधार स्कॉटच होता. डोंगराळ लोकांचा जो पोशाख चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने निषिद्ध होता तो त्याने स्थूलदेही राजालाच चढवला. स्कॉटच्या पक्षाची माणसे विणकरांकडे संशयाने पाहत आणि स्कॉट स्वतः तर कट्टर टोरी. वाटेला मात्र नाव पडले ते ‘रॅडिकल रोड’. राजाचे नाही, स्कॉटचेही नाही.

कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत स्कॉटने एक टीप जोडली. या खडकांभोवती आता भक्कम सुंदर वाट झाली असून आपल्या मजकुरामुळेच ते काम हाती घेतले गेले असावे, याचा आनंद वाटतो, अशा आशयाची. टिपेत विणकरांचा उल्लेख नाही. स्कॉटचे स्वतःचे स्मारक प्रिन्सेस स्ट्रीटवर आहे, सुमारे ६१ मीटर उंच. रॅडिकल रोडवरून ते स्वच्छ दिसते.

२०१८ च्या सप्टेंबरात कड्याचा मोठा तुकडा या वाटेवर कोसळला आणि अधिकाऱ्यांनी ती कुंपण घालून बंद केली. त्यानंतर वर्षानुवर्षे वाद चालला. एक पक्ष म्हणे की दगड पडतच राहणार, माणसांच्या जिवाची जबाबदारी कोणी घ्यायची. दुसरा म्हणे की दोनशे वर्षे लोक येथून चालत आले आहेत, डोंगराचा धोका पत्करून चालण्याचा हक्क त्यांचा आहे. निसटलेल्या खडकाचा बराचसा भाग जुन्या खाणींनी पोखरलेल्या अंगाचा. राखणदाराने दगड विकून पैसा केला, विणकराने त्याच दगडातून वाट काढली, आणि कुंपण पडले ते वाटेला.